पंधरातलं एक चित्र

पूनम सागर, मिरा रोड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी पुढचं वाच. सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितोय. आमचं घर तू वास्तुशांतीला पाहिलंयस. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी गॅलरीत ऐकू जातं, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती, सरावासाठी आमच्याकडे ठेवलेली तुझी लेक कालपासून गॅलरीतच बसली आहे.

संपदाची जिल्ह्याची शर्यत काल झाली. दहा किलोमीटर चालण्यात ती दुसरी आली, जानेवारीत नाशिकला राज्याच्या शर्यतीला जाणार, एवढं तिनं तुला फोनवर सांगितलं. पण ते अर्धंच. या शर्यतीत धावायचं नसतं हे तुला ठाऊक आहे. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, दोन्ही सुटले की ते धावणं झालं. वाटेत ठिकठिकाणी जज उभे असतात. ज्याला संशय येतो तो लाल कार्ड भरून देतो आणि कडेच्या फळ्यावर त्या मुलीच्या नंबरापुढे नागमोडी खूण उमटते. तीन जजांच्या तीन खुणा झाल्या की मुलगी बाद. संपदाच्या नंबरापुढे काल दोन खुणा होत्या. शेवटचे दोन किलोमीटर मी नुसता फळ्याकडे बघत होतो, तिच्याकडे बघायचं धाडसच झालं नाही.

शर्यत संपल्यावर एका मुलीचा बाप आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "ये तो उड़ते उड़ते आई है." संपदा घरी आल्यावर एवढंच बोलली, "मामा, मी नाही उचलत पाय." तुझ्या वहिनीनं, हंसानं केलेल्या बिरड्याला तिनं हात लावला नाही, यावरून काय ते समज.

तर मला एक सुचलंय. कौस्तुभ बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा तो मोठ्या भिंगाचा कॅमेरा कपाटातच टाकून गेला. त्याला विचारलं तर म्हणाला, बाबा, त्यात व्हिडिओ निघतो आणि नंतर तो स्लो मोशन करून बघता येतो. म्हणजे तिचा पाय सुटतो की नाही, याचा एकदाचा निकाल लागेल. रविवारी काढतो. तिच्या मिनल मॅडमना मात्र सांगितलेलं नाही. पस्तीस पोरांची कोच ती, तिच्या मनात उगाच किल्मिष कशाला?

तुझा,
दादा


आंबेकोंड, देवरूख
२३ नोव्हेंबर

ती. दादा,

सा. न. तुझं पत्र परवाच्या थैलीतून आलं. पोस्टात थैली मीच फोडली, शिक्का मीच मारला आणि बटवडाही मलाच केला. शिक्का कसा वाकडा बसलाय ते दाखवायला पाकीट जपून ठेवलंय.

माझी मुलगी मला फोनवर "मस्त झालं, आई" म्हणते आणि तिच्या नावापुढे दोन लाल खुणा असतात. आता मी तिच्या कुठल्या "मस्त"वर विश्वास ठेवू? इथे वाडीत पेढे वाटून झालेत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं तिचं नाव लिहिलंय, जातायेता माणसं थांबून वाचतात. काल मी दोन पत्रं चुकीच्या थैलीत टाकली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मला कुणाच्या तोंडून "मनोरमाची पोर फसवून जिंकते" एवढं ऐकायचं नाही. ती हरली तर मी तिला जवळ घेईन. पण लबाड ठरली तर मी या खुर्चीत बसून लोकांची पाकिटं कोणत्या तोंडानं हाताळू?

एक गोष्ट कबूल कर. कॅमेऱ्यात जे दिसेल ते आधी मला कळवायचं. तिला नाही, मॅडमना नाही. तुझा स्वभाव मी ओळखून आहे. बाबांचा रिपोर्ट तू तीन आठवडे खिशात घेऊन हिंडलास आणि आम्हाला म्हणायचास, अजून आला नाही. या वेळी तसं केलंस तर याद राख.

वहिनींना नमस्कार. सासूबाईंचं तसंच चाललंय, कूस बदलायलाही माणूस लागतं.

मनू


मिरा रोड
२ डिसेंबर

चि. मनू,

तुझी धमकी पोचली. रिपोर्ट खिशात ठेवलेला नाही, उलट इतक्या घाईनं उघडला की पंचाईत झाली.

त्याचं असं झालं. भाईंदर पश्चिमेला मिठागरांच्या कडेनं एक सरळ रस्ता जातो, तिथे संपदा सकाळी सराव करते. मी रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून पोटावर पालथा पडलो, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकवला आणि ती समोरून आडवी जाईल तशी तिची पावलं टिपली. वय वर्षं त्रेसष्ट, पोटाचा घेर तुला माहीतच. तेवढ्यात पूर्वी मिठागरावर काम करणारे पुंडलिककाका सायकल टाकून धावत आले. "काय झाला रं? परलास का? पानी देव का?" त्यांना समजावण्यात दोन फेऱ्या हुकल्या.

घरी येऊन कौस्तुभनं सांगितलं तसा तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर चारपट सावकाश केला. मनू, बघतो तर काय! संपदाचे चार पाय दिसत होते! एक विरघळत जायचा, दुसरा धुरातून उगवायचा, आणि मधल्या मधे ती रस्त्याच्या चांगली वीतभर वर तरंगत होती. संपदा दारात येऊन "बघू ना मामा" म्हणाली, मी घाईनं कॉम्प्युटर बंद केला आणि लाइट गेली म्हणालो. पंखा डोक्यावर गरगर फिरत होता. तिनं पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली.

तुला लिहायला बसणार होतो, पण आधी स्टेशनजवळच्या भावेशकडे गेलो. त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. त्यानं एका मिनिटात ओळखलं. "काका, कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीसच फोटो काढले ना? तुम्ही चारपट स्लो केलात. मग बीच के फोटो कहाँ से आये? कॉम्प्युटर ने अपने मन से बनाये. वो पैर बेटी का नहीं है काका, कॉम्प्युटर का है."

म्हणजे बघ, अर्धा दिवस मी कॉम्प्युटरच्या पायांवरून आपल्या पोरीला मनात चोर ठरवून मोकळा झालो होतो. लाज वाटली मला.

भावेशनं कॅमेऱ्यात सगळं बसवून दिलंय. चित्र आकारानं थोडं लहान येईल, पण सेकंदाला पन्नास खरी चित्रं निघतील. शटर इतकं जलद ठेवलंय की पाय फिसकटलेला दिसणार नाही. त्यासाठी लख्ख ऊन पाहिजे, म्हणून या वेळी दहा वाजता जायचं. रस्त्यावर खडूची रेघ मारून फोकस त्या रेघेवर कायम ठेवायचा. अर्ध्या वेगानं बघायचं, त्याहून सावकाश नाही, आणि शंका आली तर एकेक चित्र थांबवून.

त्या सकाळी रस्त्यावरून परत निघताना पुंडलिककाका म्हणाले, "मी रोज बगतंय तिला. पोरगी चालतंय बराबर. पाय सुटलेला मना कदी दिसला न्हाय." म्हातारं माणूस, प्रेमानं बोलतं. रविवारी खरं काय ते कळेल.

दादा


(पोस्टकार्ड)
आंबेकोंड
५ डिसेंबर

दादा, कॉम्प्युटर मनचे पाय लावतो हे वाचून हसावं की रडावं कळेना. रविवारचं त्याच दिवशी लिही. जे असेल ते. पुंडलिककाका काय म्हणाले ते मला नको, कॅमेरा काय म्हणतो ते सांग. मनू


मिरा रोड
९ डिसेंबर

चि. मनू,

तू म्हणालीस तसं लिहितोय, इकडचं तिकडचं काही न लावता.

काल ऊन छान होतं. संपदा रेघेवरून बारा वेळा गेली. या वेळी चित्रं काचेसारखी स्वच्छ आली. बुटाच्या नाडीचं टोकसुद्धा दिसतं. अर्ध्या वेगानं बघितलं तेव्हा जिवात जीव आला, कारण पाऊल टेकतंय, दुसरं टेकतंय, कुठे काही वावगं नाही. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तुला शब्द दिला होता म्हणून एकेक चित्र पुढे ढकलत गेलो.

तिच्या एका पावलाला साधारण पंधरा चित्रं लागतात. चौदा चित्रांत कुठला ना कुठला पाय जमिनीवर आहे. पंधराव्यात नाही. मागच्या पायाचा चवडा सुटलाय आणि पुढच्या पायाची टाच अजून टेकायची आहे. बुटाखाली वहीच्या पुठ्ठ्याएवढी उजेडाची फट आहे. मी चष्मा पुसला. दुसरं पाऊल बघितलं, तिसरं बघितलं, बाराही फेऱ्या बघितल्या. प्रत्येक पावलाला ते एक चित्र आहेच. एका ठिकाणी तर लागोपाठ दोन आहेत.

आता ही चित्रं कॉम्प्युटरनं मनची केलेली नाहीत. कॅमेऱ्यानं उन्हात काढलेली आहेत.

त्यातली तीन छापून सोबत ठेवली आहेत. भावेशला दाखवली नाहीत, दुसऱ्या दुकानातून छापली. संपदाला सांगितलं, कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं. ती म्हणाली, "परत काढू या ना, मामा," आणि मी म्हणालो, बघू. मॅडमना सांगायचं तर पोरीचं नाव जाईल, आणि न सांगावं तर नाशिकला सगळ्या राज्यासमोर तिसरं कार्ड. मला काही सुचत नाही. काय करायचं ते तू ठरव. तू तिची आई आहेस.

दादा


आंबेकोंड
१४ डिसेंबर

ती. दादा,

तुझं पत्र आणि ती तीन चित्रं मिळाली. पोस्टातल्या खिडकीच्या उजेडात धरून बघितली. फट आहे. तू म्हणालास तेवढीच आहे.

दोन दिवस मी काही केलं नाही. खोटं कशाला सांगू, एकदा ती फाडायलाही घेतली होती. मग वाटलं, चूक तिनं जाणूनबुजून केली नसेल, पण कळल्यावर आपण गप्प बसलो तर ती चूक आपली होईल. नाशिकला शेकडो लोकांसमोर हाताला धरून बाहेर काढण्यापेक्षा घरच्यांनी आधी सांगितलेलं बरं. निदान कुणी असं तरी म्हणणार नाही की यांना माहीत होतं आणि लपवलं.

म्हणून काल मी जिल्ह्याच्या अॅथलेटिक्स संघटनेच्या सचिवांना ठाण्याला पत्र पाठवलं. "माझी मुलगी कु. संपदा हिचे चालताना प्रत्येक पावलाला दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात, असे सोबतच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. तिचा हेतू फसवण्याचा नाही. तरी राज्य स्पर्धेतून तिचे नाव मागे घ्यावे, ही विनंती." खाली सही केली आणि रजिस्टरनं पाठवलं. पावती माझ्यासमोर आहे.

तिला तू सांग. मला तिच्याशी बोलायचा धीर नाही. काल तिचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी हाक मारली असं सांगून ठेवून दिला. त्या झोपल्या होत्या.

मी बरोबर केलं ना, दादा? लगेच लिही.

मनू


मिरा रोड
१८ डिसेंबर

मनू, अगं काय करून बसलीस!

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. तेव्हापासून फोन लावतोय, तुमच्याकडचा टॉवर बंद आहे म्हणतात. हे स्पीड पोस्टनं टाकतोय. फोन आधी लागला तर उत्तमच.

तुझं पत्र वाचून मी तडक मिनल मॅडमच्या घरी गेलो आणि सगळं ओकलो. त्यांनी चित्रं बघितली आणि मला विचारलं, "काका, नियम पूर्ण वाचलात का हो तुम्ही?" मी म्हणालो, एक पाय टेकलेला हवा. "पुढचं?" मला पुढचं माहीत नव्हतं. पुढचं असं आहे की पाय सुटलेला माणसाच्या डोळ्याला दिसता कामा नये. माणसाच्या डोळ्याला, मनू! तसं लिहिलेलंच आहे. जजला कॅमेरा वापरता येत नाही, दुर्बीण नाही, काही नाही. मॅडम म्हणाल्या, "चांगल्या चालणाऱ्या कुणाचाही असा व्हिडिओ काढा, पाय सुटलेला सापडेल. सेकंदाचा पन्नासावा भाग कुठल्या डोळ्याला दिसतो? तिला दोन कार्डं का मिळाली ते शोधणं माझं काम आहे आणि ते मी करतेय. पण या फोटोंनी तिच्यावर काहीही सिद्ध होत नाही."

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. हा नियम संपदाला तोंडपाठ आहे. मी तो व्हिडिओ तिच्यापासून लपवला नसता, कार्ड खराब झालं म्हणालो नसतो, तर तिनंच मला हसून सांगितलं असतं. तिचा पाय, तिचा खेळ, आणि तिलाच सोडून आपण दोघं शहाणी पत्रं लिहीत बसलो. पहिली चूक माझी. "तू ठरव" म्हणून तुझ्या गळ्यात घोंगडं टाकलं ते मीच.

आता एकच कर. रजिस्टर परत मागवता येतं ना? तू पोस्टातली आहेस, तुला माहीत असणार. जे करायचं ते आजच कर.

दादा


आंबेकोंड
२२ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. तशीच देवरूखच्या मोठ्या पोस्टात गेले. टपाल परत मागवायचा अर्ज असतो. वीस वर्षांत माझ्याकडे तो मागायला चार माणसं आली असतील. मी प्रत्येकाला सुनावलं होतं, लिहिण्याआधी विचार करायला काय झालं होतं? काल तो अर्ज मी स्वतःच्या हातानं भरला. तिथल्या क्लार्कनं नंबर टाकून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हे सतरालाच डिलिव्हर झालंय. सहीसुद्धा आहे."

तुझं पत्र सुटायच्या एक दिवस आधी.

येताना एसटीत माझ्या शेजारी कोण बसलं होतं तेही आठवत नाही. दादा, तिचं नाव काढून टाकलं असेल का? आपणच लिहून दिल्यावर ते कशाला ठेवतील? तू तिला सांगू नकोस, मी सांगते. नाही, तूच सांग. नाही. थांब, ठाण्याहून काही कळेपर्यंत थांब. तिनं दोन वर्षं रोज सकाळी उठून जे केलं ते मी एका पाकिटात घालून पाठवून दिलं.

मनू


मिरा रोड
२८ डिसेंबर

आई,

मी तुला आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितेय. फोनवर मी रडले असते किंवा ओरडले असते, आणि या घरात दोन्ही सगळ्यांना ऐकू येतं. मामा आणि तू पत्रंच लिहिता हे आता कळलंय, तर माझंही एक घे.

परवा संघटनेची मीटिंग होती. मिनल मॅडमना बोलावलं आणि मलाही घेऊन यायला सांगितलं. मला वाटलं किट देणार. सचिवांनी तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं. मी अक्षर ओळखलं आणि आधी खूश झाले, माहितीये? वाटलं, तू माझ्यासाठी काहीतरी लिहिलंयस.

नाव काढलेलं नाही. सचिव म्हणाले, नियमात डोळा आहे, कॅमेरा नाही, त्यामुळे यावर काही करायची गरज नाही. एकजण हसलेसुद्धा. म्हणाले, स्वतःच्या मुलीची तक्रार करणारी आई पहिल्यांदाच बघतोय. पण तिथे बसलेल्यांपैकी दोघं नाशिकला जज म्हणून येणार आहेत. त्यांनी फोटो हातात घेऊन बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. आता मी कितीही नीट चालले तरी ते माझ्या पायांकडेच बघणार. मला काल सरावात पाय टाकताना भीती वाटत होती. चालताना, आई! इतके दिवस फक्त चालतानाच ती वाटायची नाही.

मामानं सगळं कबूल केलं. लाइट गेली, कार्ड खराब झालं, सगळं. त्याच्यावर मी जास्त रागावलेली नाही, त्याचा चेहरा बघवत नाही. तो व्हिडिओ मी बघितला. मस्त काढलाय खरं तर. मॅडम म्हणाल्या, नियमाप्रमाणे गुडघा सरळ राहतो ते यात छान दिसतं.

तुझ्यावर रागावलेय. तू मला न विचारता लिहिलंस म्हणून, पण त्याच्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीसाठी. मी रात्रभर आठवत होते की तू मला चालताना कधी पाहिलंस. एकदाही नाही. नववीत शाळेच्या मैदानावर आली होतीस, तेव्हा मी धावायचे. इथे आल्यापासून आजीमुळे तुला येता आलं नाही, ते मला कळतं, त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. पण तीन फोटो बघून तू ठरवलंस. एकेका फोटोत सेकंदाचा पन्नासावा भाग. बाकीचं तुला माहीतच नाही.

बारा जानेवारीला रविवार आहे. सकाळी सातला नाशिकला शर्यत आहे. दुर्गाकाकीला मी फोन केला, ती दोन दिवस आजीजवळ राहायला तयार आहे. मामाला मी येऊ नको म्हटलंय, तो कॅमेरा आणेल. तू ये, मोकळ्या हातांनी. नियम माणसाच्या डोळ्याचा आहे ना, मग तुझ्या डोळ्यांनी बघ. नाही आलीस तर मी समजेन.

संपदा


आंबेकोंड
१५ जानेवारी २०२५

ती. दादा,

सा. न. संपदा घरी पोचली, तिनं निकाल सांगितला असेलच. तरी माझ्याकडून ऐक. तुला यायची बंदी होती, तेव्हा जे तू बघितलं नाहीस ते सांगणं माझ्याकडे लागतं.

एक किलोमीटरचा रस्ता होता, त्यावर दहा फेऱ्या. मी वळणावर दोरीला टेकून उभी राहिले, सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपासून. मिनल मॅडम फळ्याजवळ थांबा म्हणाल्या, तिथून सगळं कळतं. मी नको म्हटलं. माझ्यापासून दहा पावलांवर चष्मा लावलेले एक जज उभे होते. संपदाला बघून त्यांनी मान पुढे काढली, त्यावरून ओळखलं की हे ठाण्याच्या मीटिंगमधले. दादा, इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. आणि ती भीती मीच रजिस्टरनं पाठवलेली.

मग ती आली. कंबर अशी काही हलते की आमच्या वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावतील. पण पावलं बघितलीस कधी तू, नुसत्या डोळ्यांनी? टाच, चवडा, टाच, चवडा, आणि डोकं इतकं स्थिर की वर भरलेली कळशी ठेवावी. पहिल्या फेरीत मी तिचे पायच बघत राहिले, तिच्या तोंडाकडे बघायला विसरले. दुसरीत तिनं मला बघितलं. हसली बिसली नाही, नुसतं बघितलं आणि गेली. नऊ फेऱ्या मी त्या पायांवरून नजर हलवली नाही. पापणी लवायची तीसुद्धा ती लांब गेल्यावर.

सातव्या फेरीनंतर मागून कुणीतरी म्हणालं, तिच्या नंबरापुढे दोन खुणा झाल्या. मी वळून बघितलं नाही.

शेवटच्या फेरीत ती चौथी होती आणि तिसरी मुलगी हाताच्या अंतरावर. तिनं जोर लावला. वळण संपता संपता तिचे खांदे वर आले, पाऊल लांब पडलं आणि दोन्ही पाय सुटले. एकदा, मग परत एकदा. मला दिसलं. चष्मेवाल्यांनी कार्ड काढायच्या आधी मला दिसलं. शेवट तीनशे मीटरवर असताना मुख्य जजनं तिला बाद झाल्याची लाल फळी दाखवली. ती रस्त्यावरून बाजूला झाली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली.

मी पाण्याची बाटली घेऊन गेले. तिनं पाणी घेतलं नाही. म्हणाली, "आई, खरं सांग. दिसलं तुला?"

त्या क्षणी मला काय काय बोलता आलं असतं ते मी परतीच्या वाटेत सगळं आठवून बघितलं. पण तिनं मला त्यासाठीच बोलावलं होतं. मी म्हणाले, "हो. शेवटच्या फेरीत, वळणावर. दोनदा."

तिचं तोंड उतरलं. बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसली. मग म्हणाली, "आणि त्याच्या आधी?"

"एकदाही नाही. नऊ फेऱ्या मी या वळणावर बघत होते. एकदाही नाही."

"नक्की?"

"खोटं बोलायचं असतं तर दहाव्या फेरीचं बोलले असते ना."

तेव्हा ती रडली, दादा. मी आपली पाठीवरून हात फिरवत राहिले. मीही रडले, कशाला लपवू. तिची माफी मागितली, तर म्हणाली, "ते राहू दे आता." मग नाक पुसून जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "दमले की पाय कधी सुटतो ते मला कळत नाही. मामाचा कॅमेरा दुसऱ्या दिवशी सांगतो. तू रस्त्यावर उभी राहा. दिसलं की तिथल्या तिथे ओरड. तू खरं बोलतेस, एवढं तर सगळ्या जिल्ह्याला माहीत झालंय."

दुर्गानं महिन्यातून एक शनिवार-रविवार सासूबाईंजवळ राहायचं कबूल केलं आहे. फेब्रुवारीच्या आठ तारखेला मी येते, दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत मिठागराच्या रस्त्यावर मला घेऊन चल. रजेचा अर्ज आज वर पाठवला. कारण लिहायला एक रकाना असतो. दर वेळी मी तिथे "घरगुती" लिहिते. या वेळी लिहिलंय, "मुलीला चालताना पाहणे." साहेब हसले तर हसोत.

मनू